चार चाकं आणि परतीची वेळ

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल टी पॉइंटवर थोडा वेळ उभं राहिलं, तर जळगाव रस्त्याने ये-जा करणाऱ्या वाहनांत थार, जिम्नी, स्कॉर्पिओ अशा उंच गाड्या आता सहज दिसतात. टपावर कॅरियर, रुंद टायर, मागच्या काचेवर डोंगररांगेचं स्टिकर आणि काहींच्या मागे ‘४×४’ अशी मुद्रा. जीप म्हणजे सरकारी खात्याची नाहीतर वडाप वाहतुकीची, असा एक काळ होता. आज ती नोकरदार घरातली हौस झाली आहे आणि त्या हौसेचं एक टोक थेट हिमाचलात जाऊन पोहोचतं. छत्रपती संभाजीनगरहून मनाली साधारण १,८०० किलोमीटर. नाताळच्या सुट्टीत एवढं अंतर गाडीने कापून बर्फात एक दिवस गाडी चालवायची, हे स्वप्न मराठवाड्यातली बरीच तरुण मंडळी बघतात. त्यांची चर्चा बहुतेक वेळा गाडीभोवती फिरते : कोणतं मॉडेल घ्यावं, टायर कोणते बसवावेत, डिझेल बरं की पेट्रोल. मला या चर्चेचा रोखच चुकलेला वाटतो. बर्फाळ डोंगरवाटेवरून माणसं सुखरूप परततात ती मुख्यतः सोबतच्या ताफ्याने पाळलेल्या शिस्तीमुळे. चारही चाकांना मिळणारी ताकद हा त्या शिस्तीतला एक छोटा भाग आहे. आणि ही शिस्त शिकायला मनालीपर्यंत जावं लागत नाही. हर्सूलच्या पुढे पावसाळ्यात जो काळा चिखल होतो, त्यात ती शिकता येते.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. १९४७ मध्ये त्याच विलिस जीपची जुळणी मुंबईत महिंद्रांनी सुरू केली, म्हणजे या गाडीशी महाराष्ट्राचं नातं स्वातंत्र्याइतकंच जुनं आहे. नेहमीच्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांकडे जाते. फोर-बाय-फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना ताकद वाटून देते, आणि ‘लो’ला टाकली की गाडी कमी वेगात पण पुष्कळ जोराने चालते. इथवर सगळं ठीक. पण प्रत्येक आसावर डिफरन्शियल असतं, आणि खरी मेख तिथे आहे. वळण घेताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यावं लागतं. ते काम डिफरन्शियल करतं. त्याचा दुष्परिणाम असा, की एक चाक निसरड्यावर आलं की तेच जागेवर गरगर फिरत राहतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक ढिम्म हलत नाही. चारही चाकांची म्हणवणारी गाडी अशा वेळी पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं फिरवत एका जागी रुतून बसते. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरवर टाचेखाली डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं, मागचं एक चाक वाफ्यात फिरू लागलं की तो ते दाबतो, दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या पायाला जे ठाऊक असतं, ते पंधरा-वीस लाखांची गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये क्वचितच कुणी सांगतं. भरीला भर म्हणजे २०२३ च्या जानेवारीपासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते. गाडी उंच आणि दणकट दिसली म्हणजे ती चारही चाकांवर चालत असेलच असं नाही.

यापेक्षा मोठा गैरसमज थांबण्याविषयी आहे. फोर-बाय-फोरमुळे गाडी निघते, चढते, पुढे सरकते. थांबवण्याच्या कामात तिचा काडीचा उपयोग नाही, कारण ब्रेक आठशे सीसीच्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. थांबणं अवलंबून असतं ते टायर आणि जमीन यांच्यातल्या घर्षणावर. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७ धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तोच आकडा ०.२ च्या आसपास उतरतो आणि अंतर ३० मीटरच्या वर जातं. पाणी गोठून काच झालेल्या रस्त्यावर ०.१ धरला, तर तेच अंतर ६० मीटरच्या पुढे. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जे दहा-अकरा मीटर पुढे गेलेली असते, ते यात धरलेलंच नाही. उताराचं गणित आणखी कठोर आहे. दहा मीटर पुढे जाताना एक मीटर उतरणारा रस्ता काच झालेला असेल, तर चारही चाकं ब्रेकने जखडली तरी गाडी घसरतच राहणार. तिथे चालकाचं कौशल्य कामाला येत नाही आणि गाडीची किंमतही नाही, कारण धरून ठेवायला जमिनीवर काही शिल्लकच नसतं. चढणीवर गाडी सहज चढली म्हणून मन निर्धास्त होतं, आणि नेमका हाच निर्धास्तपणा उतरताना जिवावर बेततो. दोनच चाकांना ताकद असलेली गाडी चढणीच्या पायथ्याशीच फिरायला लागून ‘इथून पुढे जाऊ नका’ असं सांगते. फोर-बाय-फोर ही सूचना उशिरा देते, आणि देते तेव्हा आपण बरेच वर गेलेलो असतो.

सरकारी नियमांतही हाच गैरसमज डोकावतो. मनाली परिसरात बर्फ पडला की पोलीस पुढच्या रस्त्यावर फक्त फोर-बाय-फोर वाहनांना सोडतात. नियमामागचा हेतू रास्त आहे. त्याने बरीच गर्दी तिथेच थांबते. पण नाक्यावर तपासणी होते ती गाडीची. चालकाने ‘लो’चा दांडा कधी हाताळला आहे का, गाडीत फावडं आणि दोर आहे का, सोबत दुसरी गाडी आहे का, हे कुणी विचारत नाही. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि एरवी हिवाळ्यात सहा-सहा महिने जगापासून तुटणारं लाहौल मनालीच्या पर्यटकांना तासा-दीड तासावर आलं. लाहौलच्या रहिवाशांसाठी हे मोठं वरदान आहे. आजारी माणसाला हिवाळ्यात खाली आणता येतं. मात्र रोहतांग खिंडीची चढण पूर्वी आपोआप जी गाळणी लावत होती, ती संपली. २०२३ च्या नाताळात लाहौलमध्ये वाहतूक कोंडी टाळायला एकाने थार सरळ चंद्रा नदीच्या पात्रात घातली आणि पोलिसांनी त्याचं चलान फाडलं. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फ पडल्यावर सुमारे हजार गाड्या अडकून पडल्या. यंत्र कमी पडलं म्हणून हे झालं नाही. एकेकट्याने, कुणालाही उत्तर द्यायचं नसल्यासारखं निघालेल्या माणसांच्या गर्दीतून हे झालं.

अशा गाड्यांच्या हौशी क्लबची एक दिवसाची सहल याच्या नेमकी उलट असते. ज्या देशांत दर हिवाळ्यात बर्फ पडतो तिथल्या फोर-बाय-फोर क्लबांनी कित्येक दशकांच्या अनुभवातून तिची रीत घडवली आहे, आणि ती रीत कंटाळवाणी वाटावी इतकी काटेकोर आहे. सगळ्या गाड्या डोंगराच्या पायथ्याशी जमतात. म्होरक्या नकाशा उघडून वाट, उताराच्या जागा, गाडी वळवता येईल अशा मोकळ्या जागा आणि परत फिरण्याची वेळ सांगतो. प्रत्येक गाडीत बिनतारी संच असतो, कारण मोबाइल पहिल्या वळणावरच मुका होतो. टायरमधली हवा कमी केली जाते. तीस-बत्तीसवरून अठरा-वीसपर्यंत उतरवली की टायर पसरतो, जमिनीवर त्याचा ठसा लांब होतो आणि मऊ बर्फात गाडी कमी रुतते. उतारावरून खाली आल्यावर ती हवा पुन्हा भरायची असते, म्हणून पंपही सोबत. पहिली गाडी ताजा बर्फ फोडत वाट पाडते आणि बाकीच्या तिच्या चाकोरीतून जातात. वाट पाडण्याचं काम इंजिनालाही जड आणि चालकालाही दमवणारं, त्यामुळे वाट पाडणारी गाडी बदलत राहते. सर्वांत शेवटची गाडी अनुभवी चालकाची असते. तिच्या मागे कुणीही राहायचं नाही, हा नियम कुणी मोडत नाही. प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर नजर ठेवायची. ती दिसेनाशी झाली की थांबायचं. या एका साध्या नियमाने पंधरा गाड्यांचा ताफा न तुटता चालतो, कारण शेवटची गाडी थांबली की थांबण्याची लाट हळूहळू पुढे पहिल्या गाडीपर्यंत पोहोचते.

गाडी रुतली की क्लबची खरी परीक्षा लागते. आपल्याकडे पाणंद रस्त्यावर गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलावतात, साखळदंड लावतात आणि झटका देऊन ओढतात. बहुतेक वेळा निभावून जातं, पण जेव्हा निभत नाही तेव्हा माणूस जातो. ताणलेला साखळदंड किंवा तारेचा दोर तुटला की त्यात साठलेला जोर एका क्षणात मोकळा होतो, आणि तुटलेलं टोक गोळीसारखं येऊन काच फोडतं. ट्रेलर ओढण्यासाठी मागे बसवलेल्या गोळ्याला दोर अडकवणं तर सर्वांत घातक. तो गोळा तुटून गाडीत घुसल्याने परदेशात माणसं दगावली आहेत. ट्रॅक्टरच्या बाबतीत साखळी ड्रॉबारपेक्षा उंच बांधली, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलथतो. म्हणून क्लबमध्ये ओढण्याची पद्धत ठरलेली असते. आधी फावड्याने चाकांपुढचा आणि गाडीच्या पोटाखालचा बर्फ काढायचा. बरेचदा गाडी चाकांनी अडकलेली नसतेच; तिचं पोट दाबलेल्या बर्फाच्या ढिगावर टेकलेलं असतं आणि चाकं अधांतरी फिरत असतात. मग दोर गाडीच्या चासीवरच्या ठरलेल्या हुकालाच लावायचा, दोराच्या मधोमध जड गोधडी किंवा चटई टाकायची म्हणजे तुटला तरी तो खाली पडेल, बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करायचं आणि एकाच माणसाने हातवारे करायचे. दहा जणांनी दहा सूचना ओरडून द्यायच्या, ही आपली सवय इथे सोडावी लागते. यातलं काहीही अवघड नाही, पण एकट्या माणसाला ते करता येत नाही. एक गाडी दुसरीला ओढू शकते. एकटी गाडी स्वतःला ओढू शकत नाही, आणि दोर ओढणारा विंच असला तरी बर्फाळ माळावर तो अडकवायला झाड मिळेलच असं नाही.

तरीही फावडं आणि दोर यांच्यापेक्षा मला क्लबची एक गोष्ट जास्त मोलाची वाटते : ठरलेली परतीची वेळ. डोंगरातल्या बर्फाला दिवसाचं घड्याळ असतं. सकाळी रात्रीच्या थंडीने तो कडक असतो आणि गाडी वरून चालते. दुपारी ऊन लागलं की मऊ पडतो आणि चाकं खोल जातात. तीन-साडेतीनला सूर्य कड्याआड गेला की दुपारी वितळलेलं पाणी झपाट्याने गोठू लागतं आणि जी वाट जाताना मऊ होती, तीच येताना काच झालेली असते. उत्तरेकडच्या सावलीतली वळणं तर दिवसभर काचेचीच. म्हणून एक वाजता परत फिरायचं ठरलं असेल, तर एक वाजता फिरायचं, मग खिंड समोर दोनशे मीटरवर दिसत असली तरी. एकट्या चालकाला हा निर्णय घेणं फार जड जातं. १,८०० किलोमीटर आलेला असतो, घरच्यांना फोटो पाठवायचे असतात आणि पुढे गेलेल्या चाकांच्या खुणा दिसत असतात. ताफ्यात निर्णय सकाळीच, शांत डोक्याने, सर्वांसमक्ष झालेला असतो. दुपारी तो फक्त पाळायचा असतो. न फिरण्याची किंमत किती असते, ते २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावाजवळ दिसलं. बर्फ पडताना पाहायला हजारो गाड्या वर गेल्या, वादळात रस्ता बंद झाला आणि रात्रभर अडकलेल्या गाड्यांत किमान २२ माणसं मेली. अनेकांनी ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीत शिरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. झोपेतच माणूस संपतो. दर काही वेळाने उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरायचा आणि काच बोटभर खाली ठेवायची, एवढी माहिती प्रत्येक गाडीत असती तर त्यातले काही जीव वाचले असते, असं मला वाटतं.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. माणसं घोळक्यात आली की सावध होण्याऐवजी धीट होतात. पुढचा गेला म्हणून मागचा जातो. माघार घ्यायला लाज वाटते. व्हिडिओ काढणारा मोबाइल समोर असला की अंगात वेगळंच वारं शिरतं. एवढंच कशाला, हिमस्खलनाच्या दृष्टीने घोळका हाच धोका असतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून बर्फाचे थर सुटतात, आणि त्याखाली पंधरा गाड्या रांगेत उभ्या असतील तर एकाच लोटात सगळ्या सापडतात. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोक–नथुला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटकांचा जीव गेला. हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो घोळक्यावरचा आहे. शिस्तीच्या ताफ्यात अशा उताराखालून एका वेळी एकच गाडी जाते, ती पार पोहोचल्याचं बिनतारीवर कळलं की दुसरी निघते, आणि फोटोसाठी तिथे कुणी थांबत नाही. हिमालयात संरक्षण संशोधन संस्थेकडून हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध होतात. ते सकाळी वाचणं हे म्होरक्याचं काम. आणि माघारीच्या लाजेवर क्लबांनी शोधलेला उपाय सोपा आहे : सर्वांत नवख्या चालकाने ‘मला नको वाटतंय’ म्हटलं की ताफा थांबतो, कारण विचारलं जात नाही. जिथे हा नियम नाही, तिथे नुसता घोळकाच आहे, मग टी-शर्टवर क्लबचं नाव छापलेलं असलं तरी.

दुसरा आक्षेप यंत्रावर विश्वास असणाऱ्यांचा. नव्या गाड्यांत संगणक आहे, तो सगळं बघतो, मग हे जुन्या जीपचे नियम कशाला? या शहराला तरी हा प्रश्न परका नाही. शेंद्र्याच्या एमआयडीसीत जुळणी होणाऱ्या स्कोडा कोडियाकमध्ये आणि ऑडीच्या क्यू मालिकेतल्या गाड्यांमध्ये चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा आहे. चाक घसरू लागलं की संवेदक ते टिपतात, क्षणार्धात ताकद दुसरीकडे वळवतात किंवा त्या चाकाला ब्रेक लावतात. हे तंत्र खरोखर उत्तम आहे आणि त्याने अपघात टळतात. परंतु संगणक आहे तेवढंच घर्षण शहाणपणाने वापरतो. नसलेलं घर्षण तो निर्माण करत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात तर एबीएसमुळे थांबण्याचं अंतर उलट वाढू शकतं, कारण जखडलेल्या चाकापुढे बर्फाचा जो ढीग साचून गाडी अडवतो, तो फिरत्या चाकापुढे साचत नाही. उतारावर पहिला गिअर, ‘लो’, पाय क्लचपासून लांब आणि इंजिनाच्या रेट्यावर सावकाश उतरणं, हीच रीत अजूनही खात्रीची आहे. चाकाला बांधायची साखळी संगणकापेक्षा जास्त काम करते, आणि ती थंडीत, हातमोजे घालून, गुडघ्यावर बसून बांधावी लागते. पहिल्यांदा ती बांधण्याची जागा बर्फाळ वळण असू नये. घराच्या अंगणात चार वेळा बांधून बघितलेली असावी.

इथून मी हर्सूलकडे येतो. जटवाड्याचे डोंगर, चौक्याचा घाट, पलीकडे सुमारे हजार मीटर उंचीवरचं म्हैसमाळ, हा सगळा मुलूख बेसाल्टचा आणि त्यातून झालेल्या काळ्या मातीचा. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. पहिल्या पावसात वरचा इंचभर थर साबणासारखा होतो, खाली जमीन मात्र कडक असते. टायरच्या खाचा दोन-चार फेऱ्यांत मातीने भरतात आणि चाक गुळगुळीत रूळ होतं. बर्फ आणि चिखल एकच नाहीत, हे खरं. खोल चिखल चाकाला धरून ठेवतो, म्हणून तिथे थोडा वेग मोडू न देणं फायद्याचं ठरतं. दाबलेल्या बर्फावर तोच वेग दरीत नेतो. शिवाय चिखलात रुतलेल्या माणसाला थंडीने मरण्याची भीती नसते आणि हाकेच्या अंतरावर वस्ती असते. पण म्हणूनच चिखल शिकायला चांगला. डिफरन्शियल कसं दगा देतं, हवा किती उतरवली की फरक पडतो, उतारावर ब्रेकचा मोह कसा आवरायचा, दोर कुठे लावायचा, म्होरक्याचं ऐकणं अंगवळणी कसं पडतं, हे सगळं आषाढात एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात, त्याची रीतसर परवानगी घेऊन, शिकता येतं. इगतपुरीजवळ महिंद्रांनी याच कामासाठी प्रशिक्षण केंद्र काढलं. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली गाड्यांची स्पर्धा भरते, आणि तीत चालकाइतकाच महत्त्वाचा असतो तो खाली उतरून गुडघाभर चिखलात दोर ओढणारा जोडीदार. तो निम्मा वेळ गाडीच्या बाहेरच असतो.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मुळात डोंगरात गाड्या न्याव्यातच कशाला? चाकाखाली माती दबते, आणि दबण्याचा मोठा भाग पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातो, म्हणजे ‘आम्ही एकदाच गेलो’ हे समर्थन टिकत नाही. उतारावर पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओघळ होते. जटवाड्याकडच्या डोंगरांचं पाणी हर्सूलच्या तलावात येतं, शहराचा काही भाग ते पितो, आणि त्या डोंगरांवर पाडलेला प्रत्येक नवा ओघळ तलावात गाळ आणतो. तेव्हा वनखात्याच्या हद्दीत, गवताच्या उतारावर, तलावाच्या आटलेल्या काठावर गाडी घालणं याला माझा साफ विरोध आहे. क्लब असो वा एकटा माणूस. गौताळा अभयारण्यात तर त्याचा विचारही नको. पण आहे त्या गाडीवाटेवरून जाणं आणि नवी वाट पाडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेच्या वनखात्याने १९८५ मध्ये ‘ट्रेड लाइटली’ नावाची मोहीम सुरू केली, ती याच फरकावर उभी राहिली. बर्फाचं आणखी एक वैशिष्ट्य असं, की गोठलेल्या जमिनीवर पुरेसा जाड थर असतो तोवर खालची जमीन बऱ्यापैकी सुरक्षित राहते. खरी नासाडी होते ती बर्फ वितळताना, जमीन ओली आणि लुसलुशीत असताना. त्या आठवड्यांत गाडी न नेणं हाच पर्याय. रोहतांगवर हरित लवादाने दिवसाला १,२०० पर्यटक गाड्यांची मर्यादा घातली तेव्हा टॅक्सीवाल्यांची ओरड झाली, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न खोटा नव्हता. तरी मर्यादा हवीच होती. मर्यादेत कुणाला आत सोडायचं असेल, तर एकेकट्या पन्नास गाड्यांपेक्षा जबाबदार म्होरक्या असलेल्या, कचरा परत आणणाऱ्या दहा गाड्यांच्या ताफ्याला सोडणं प्रशासनालाही सोयीचं आहे, कारण जाब विचारायला एक माणूस समोर असतो.

तयारीतल्या काही गोष्टी खास मराठवाड्याच्या म्हणून इथे नोंदवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये साधं पाणी ओतत राहायची सवय असते. ते पाणी शून्याखाली गोठतं, गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवतं. निघण्याआधी सगळं पाणी काढून ग्लायकॉलचं कूलंट निम्म्याला निम्मं भरून घ्यावं. काच धुवायच्या टाकीतलं पाणीही असंच गोठतं. मैदानी भागातलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते त्यासाठीच. वर जाण्याआधी शेवटच्या पंपावर कोणतं डिझेल मिळतं याची चौकशी करावी. आणि हर्सूलच्या साधारण सहाशे मीटर उंचीवरून तीन हजार मीटरवर जाताना माणसाचं शरीरही तयार नसतं, म्हणून मनालीत एक-दोन रात्री काढल्याशिवाय बर्फाच्या वाटेला लागू नये. डोकं दुखत असलेल्या चालकाने त्या दिवशी मागच्या सीटवर बसावं.

नाक्यावरच्या पोलिसांनी ‘४×४’ची मुद्रा बघण्यासोबत चार प्रश्न विचारावेत, असं मला मनापासून वाटतं : सोबत दुसरी गाडी कोणती, फावडं, दोर आणि साखळी कुठे आहे, म्होरक्या कोण, आणि किती वाजता परत फिरणार. उत्तरं वहीत लिहून घ्यावीत आणि संध्याकाळी परतणाऱ्या गाड्या त्या वहीशी ताडून पाहाव्यात. ट्रेकर्सची अशी नोंद आपल्याकडे काही किल्ल्यांच्या पायथ्याशी होते, तेव्हा हे अशक्य नाही. संभाजीनगरातल्या क्लबांनी त्याची वाट बघत बसू नये. हिमाचलाला निघणाऱ्या प्रत्येक गाडीची ही चार उत्तरं त्यांनी निघण्याआधी इथेच घ्यावीत, आणि ज्याने पावसाळ्यात एकदाही दुसऱ्याची गाडी बाहेर काढलेली नाही, त्याला त्या वर्षी बर्फाच्या यादीत घेऊ नये.